पितृपक्षातला लॅपटॉप

नेरूळ, ११ ऑगस्ट १९९८

ऋता,

वर 'चि. सौ.' लिहिणार होते. चार वर्षांनी पेन हातात घेतलं आणि कुठल्या तोंडानं लिहू असं झालं, म्हणून नुसतं नाव.

काम एवढंच आहे. तू कॉम्प्युटरचा कोर्स केला होतास आणि आता पनवेलला क्लासमध्ये शिकवतेस असं कानावर आलं. आम्हाला एक लॅपटॉप घ्यायचाय. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. वाशीला सेक्टर सतरात तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात एसी इतका, की मी पदर गुंडाळून उभी. तिथला सेल्समन म्हणाला, "किती एमबी बघू, मॅडम?" म्हटलं, तुमच्याकडे असतील तेवढ्या दाखवा. तो हसला नाही, मीही हसले नाही. दुसऱ्या दुकानात एकच पीस काचेत ठेवलाय, हात लावू देत नाहीत. तिसऱ्यात म्हणाले, गणपतीत ऑफर येईल, थांबा.

किंमत फार आहे, पण बाबांच्या फंडातले पैसे आहेत. तरी सवलतीत मिळाला तर बरं. तो उशीवर ठेवून वापरता यायला हवा, बटणं हलकी हवीत आणि त्यात मराठी लिहिता यायला हवं. असं असतं का, तेवढं कळव.

बाबांचा आवाज बसलाय. बाकी ठीक.

उत्तर पाठवलंस तर कार्ड नको, बंद पाकीट पाठव आणि त्यावर नाव माझं घाल. फोन करू नकोस. फोन हॉलमध्ये आहे आणि तेही हॉलमध्येच असतात.

आई


नेरूळ, २४ ऑगस्ट १९९८

ऋता,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमन जिन्यातच भेटला, बरं झालं.

पाच ओळी लिहिल्यास, पण कामाच्या लिहिल्यास. मराठी फॉन्ट वेगळा टाकून घ्यायचा, तो टाइपरायटरसारख्या बटणांचा मागायचा, म्हणजे बाबांना नव्यानं शिकावं लागणार नाही. ते मी कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलंय. शेवटी तू विचारलंस, "नक्की कशासाठी? बाबांनी विचारायला सांगितलं का?"

बाबांचा आवाज बसलाय असं मी लिहिलं, ते तेवढंच नव्हतं. नसांचा आजार आहे. मार्चमध्ये जीभ जड झाली, लोकांना वाटायचं हे दुपारचीच घेऊन बसतात. जूनपासून बोलणं पूर्ण बंद. मग हात. पेन धरता येत नाही. पाय अजून भिंतीला धरून चालतात. डॉक्टर म्हणाले, बोटं दिवाळीपर्यंत चालली तर चालली, पुढचं सांगता येत नाही. हे सगळं ते गिरणीवाला दळण कधी मिळेल सांगतो तसं म्हणाले. मीही तसंच ऐकलं. बाहेर येऊन नारळपाणी प्यायले. तुला राग येईल, पण काही वाटलंच नाही बघ. अजूनही वाटत नाही.

ऐकू मात्र सगळं येतं. डोकं एकदम शाबूत. म्हणून हे पत्र पोस्टातल्या टेबलाशी बसून लिहितेय. इथली डिंकाची बाटली कोणी बंद करत नाही, माझं कोपर चिकटतंय.

भाविका म्हणून फिजिओथेरपीवाली मुलगी येते, कोपरखैरण्याची. गॅलरीतला टाइपरायटर तिनंच त्यांच्यापुढे आणून ठेवला. तीस वर्षं खात्यात टाइपिंग केलेला माणूस, हेडक्लार्क झाले तरी महत्त्वाचा कागद स्वतःच टाइप करायचे. बटण खाली जाईना. दोन्ही हातांनी रेटलं तरी अक्षर उमटेना. मग भाविका म्हणाली, "काका, लॅपटॉपची बटणं एकदम लाइट असतात, नुसतं बोट टेकवलं तरी होतं." तर इतक्या जोरात मान डोलावली त्यांनी, की ती घाबरली.

त्यांना लिहायचंय. तुला लिहायचंय. तू विचारलंस म्हणून सांगते, मला त्यांनी काही सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे.

परवा गणपती. यंदा दीडच दिवसाचा. मोदक विकतचे आणणार आहे.

आई


नेरूळ, ९ सप्टेंबर १९९८

ऋता,

दुसरं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तू लिहितेस, "बाबांनी चार वर्षांपूर्वी मला टाइप करून कळवलंय की त्यांना मुलगी नव्हती असं समजा. त्यानंतर मी त्या घरात कशाला येऊ? आता त्यांनी स्वतः, त्यांच्या हातानं दोन शब्द लिहिले, की ये, तर त्याच दिवशी येईन. तू मध्ये पडू नकोस." ठीक आहे. मध्ये पडत नाही. म्हणजे सगळं आता त्या लॅपटॉपवर आलं.

त्याचं सांगते. गणपतीतली ऑफर नावालाच होती, लॅपटॉपवर नाहीच, मिक्सर घेतला तर इस्त्री फुकट. मग वाशी डेपोच्या मागे मानसिंग म्हणून एकाचं दुकान आहे तिथे गेले. टीव्ही, टेप, कॉम्प्युटर सगळं ठेवतो. मूळचा राजस्थानचा, पण वीस वर्षं इथे, बोलतो आपल्यासारखं. काल गेले तर दुकानात चिटपाखरू नाही. स्टुलावर बसून पेपर वाचत होता. म्हणाला, "या ताई. पितृपक्ष लागला, आता पंधरा दिवस मी माशाच मारणार. तुम्हाला काय दाखवू?"

त्याच्याकडे एक लॅपटॉप आहे. शोकेसमध्ये वर्षभर ठेवलेला, झाकणावर एक बारीक चरा, पण चालू. उघडून माझ्यापुढे ठेवला, म्हणाला बोट टेकवा. टेकवलं. खरंच हलकी आहेत बटणं, दिव्याच्या बटणालासुद्धा याहून जोर लागतो. किंमत त्यानं आधीच उतरवली होती, मी काही बोलले नाही तर अजून उतरवली. म्हणाला, "या दिवसांत कोणी घेत नाही म्हणून सांगतो. घटस्थापनेनंतर हा भाव मिळणार नाही." फॉन्ट टाकून द्यायला तयार. पिशवी पण काढली.

मी म्हटलं, पितृपक्षात आमच्याकडे नवी वस्तू घरात आणत नाहीत. घटस्थापनेला नेते.

तो म्हणाला, "ताई, मी पण मानतो. पण कोणासाठी घेताय?" मी सांगितलं. सांगायला नको होतं. त्यानं पिशवी काउंटरवर माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "आजच न्या. पैसे घटस्थापनेला द्या. म्हणजे वस्तू तेव्हाच घेतली असं होईल. तोपर्यंत समजा मी बघायला दिलाय." मी पिशवी परत सरकवली. आगाऊ रक्कम देऊन नाव लिहून आले.

आपल्याकडे हे आधीपासून पाळतात, तुला माहीत आहे. आजारी माणसाच्या घरात उगाच कशाला. बारा दिवसांनी काय होतंय.

घरी येऊन त्यांना सांगितलं, लॅपटॉप ठरला, घटस्थापनेला येईल. त्यांनी उजव्या हाताची बोटं चादरीवर एकेक करून आपटली. अंगठा, मग पहिलं बोट, मग मधलं. चौथं उचललं नाही. मला दाखवत होते.

मी कुकर लावायला गेले.

आई


नेरूळ, २२ सप्टेंबर १९९८

ऋता,

लॅपटॉप अजून आणला नाही. काल घटस्थापना होती. मानसिंगकडे जायला निघाले, स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. म्हटलं दहा दिवसांवर दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक, एवढी मोठी वस्तू, त्याच दिवशी आणू. शेजारच्या मीनावहिनी म्हणाल्या, बरोबर केलंत. त्या प्रत्येक गोष्टीला बरोबर केलंत म्हणतात.

मानसिंगला फोन केला, तो म्हणाला, "ठीक आहे ताई." मग म्हणाला, "तुमचा पीस मी कोणाला देणार नाही." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

परवा भाविकानं एक पुठ्ठा आणला. त्यावर तिनं स्केचपेननं बाराखडी लिहिलीय. ती एकेका अक्षरावर बोट ठेवते, हवं ते अक्षर आलं की त्यांनी डोळे मिटायचे. असं करत शब्द जुळवायचा. पाऊण तासात त्यांनी 'ऋताला' एवढं जुळवलं. आणि पुढे 'सां'. भाविकाचे डोळे चमकत होते. म्हणाली, "काकू, बघा, काका सांगतायत. ऋता कोण?" मी म्हटलं, भाविका, चहा गार होतोय. तिनं पुठ्ठा बाजूला ठेवला आणि चहा घेतला. मग तिची वेळ संपली. तिला रबाळ्याला दुसरा पेशंट असतो.

ती गेल्यावर मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. मी पुठ्ठा धरला समोर. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्यासमोर ते एक अक्षर जुळवत नाहीत. पाणी हवं असलं तरी भांडं वाजवतात.

तुला एक सांगायचंय. शनिवारी मी पीसीओवरून तुझ्या सासरी फोन केला. तुझ्या सासूबाईंनी उचलला. "कोन हाय?" म्हणाल्या. मी म्हटलं, ऋता आहे का? "ऋता किलासला गेलीय. सांजंला येल. तुमी कोन?" मी म्हटलं, राँग नंबर. तर म्हणाल्या, "राँग नंबर कसा? तुमी तिचाच नाव घेतलाव न." मग म्हणाल्या, "तुमी तिची आय काय? या कदी तरी. आमी काय खात नाय मानसाला." मी फोन ठेवला. पीसीओवाल्यानं बिल दिलं, मी सुटे पैसे न घेताच निघाले, तो हाका मारत होता.

गोजराबाई नाव ना त्यांचं? तुझ्या लग्नाला आम्ही नव्हतो, मी त्यांना बघितलंही नाही. त्या बऱ्या वाटल्या.

मधलं बोट गेलं. अंगठा आणि पहिलं बोट आहे. भाविका म्हणते एका बोटावर पण होईल, फक्त लवकर.

आई


नेरूळ, ३ ऑक्टोबर १९९८

ऋता,

हे पत्र घरी बसून लिहितेय, हॉलमध्ये, त्यांच्यासमोर.

परवा दसऱ्याला सकाळी मानसिंग स्वतः लॅपटॉप घेऊन आला. रिक्षानं आला, खोका मांडीवर धरून. मी पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, झाकणावर आपट्याचं पान ठेवलं. तो सोफ्याच्या कडेला बसून बघत होता. सगळं यथासांग झालं. मग त्यानं बाबांच्या मागे उशा लावल्या, पुढे उशीवर लॅपटॉप ठेवला, चालू केला, पडदा पांढरा झाला. "घ्या साहेब," म्हणाला.

त्यांनी बोटाकडे बघितलं. बोट हललं नाही. खूप वेळ गेला. कपाळावर घाम आला. मी हात उचलून बटणांवर ठेवला. हात जड असतो अशा माणसाचा, तो तसाच एका बटणावर पडून राहिला आणि पडद्यावर ककककककक असं सुरू झालं. एक ओळ भरली, दुसरी भरली, पान भरलं. मला हात उचलायचं सुचेना. मानसिंगनं उचलला. त्यांनी ते सगळे 'क' नीट वाचले, म्हणजे डोळे तरी ओळीवरून फिरवले, आणि मग माझ्याकडे बघितलं.

भाविका संध्याकाळी आली, हात बघितला, म्हणाली गेल्या रविवारपर्यंत पहिल्या बोटात जोर होता. पुठ्ठाही दाखवून बघितला. पापण्या आता त्यांच्या मनासारख्या मिटत नाहीत, मध्येच आपोआप मिटतात, कुठलं अक्षर ते कळत नाही. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मी भांडी घासली.

आता ऐक. ते तुला काय लिहिणार होते ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते आता मीच लिहिते.

ती चिठ्ठी त्यांनी टाइप केलेली नाही. मी केली.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये तुझं पत्र आलं, बाबांच्या नावानं. पनवेलला रजिस्टर लग्न झालं, येत्या रविवारी नावड्याला मिथुनच्या घरी जेवण आहे, बाबा तुम्ही एकटे आलात तरी चालेल, नुसते दारात उभे राहा. ते ऑफिसला होते. मी पाकीट फोडलं. मला ठाऊक होतं, ते गेले असते. वर वर कितीही आदळआपट केली असती तरी रविवारी सकाळी पायात चपला घालून निघाले असते. आणि मग मलाही जावं लागलं असतं, आणि माझे दादरचे माहेरचे लोक, ही सोसायटी, सगळ्यांना कळलं असतं की परजातीत, खाडीकाठच्या घरात मुलगी दिली आणि वर जेवून आले. मला ते नको होतं. एवढंच कारण, ऋता. याहून मोठं काही असतं तर सांगितलं असतं.

म्हणून मी त्यांचा टाइपरायटर काढला. मला येत नव्हतं. दोन ओळींना साडेबारापासून चार वाजले. 'मुलगी'तलं 'ल' सापडेना. तीन कागद वाया गेले. खाली सही केली नाही, तेवढी हिंमत नव्हती. ते खात्यात बिनसहीचा कागद टेबलावरून हलू द्यायचे नाहीत, हे तुला आठवेल असं मला वाटायचं. आठवलं नाही.

तुझं पत्र मी फाडलं नाही. फाडवेना. रेशनकार्डाच्या डब्यात खाली ठेवलं. पत्ता त्यावरूनच घेतला. यंदा जुलैत मी त्यांचे रिपोर्ट आणायला गेले आणि ते मेडिक्लेमचे कागद शोधत होते. आले तेव्हा मांडीवर तुझं पत्र. तोंडानं बोलता येत नव्हतं. कॅलेंडरच्या पानामागे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'तू?' मी हो म्हटलं. मला त्यांनी लिहिलेलं ते शेवटचं. चार वर्षं ते समजत होते, तू त्यांना एका शब्दानं बोलावलं नाहीस, न सांगता निघून गेलीस. घरात तुझं नाव निघालं की उठून गॅलरीत जायचे. मी त्याला राग म्हणायचे, मीनावहिनींना सुद्धा तसंच सांगायचे.

पितृपक्षाचं खोटं होतं. आपला फ्रिज आपण एक्क्याण्णव साली पितृपक्षातच घेतला, तू त्यात पाण्याच्या बाटल्या लावल्यास. दुकानंही मी उगाच फिरले. पहिल्या दिवशी पाहिलेला मिळत होता. इथे पाच टक्के, तिथे दहा टक्के, गणपती, घटस्थापना, दसरा. मी त्यांची बोटं जायची वाट बघत होते का, असं तू विचारशील. नाही म्हणवत नाही. एकदा त्यांनी लिहिलं असतं की तुम्ही दोघं एका बाजूला झाला असतात आणि मी एकटी. मला भीती वाटत होती. तेव्हा कळलं नाही, आता कळतंय, कारण आता वाटत नाही. आता काहीच वाटत नाही.

पण मग तुला पत्रं का लिहिली, तेही मला नीट सांगता येणार नाही. तू एखाद्या दिवशी चिडून न विचारता येशील आणि सगळं माझ्याशिवाय उघडं पडेल, असं मनात असावं.

तुला त्यांच्या हातचे दोन शब्द हवे होते. ते आता मिळायचे नाहीत. ते माझ्यामुळे मिळायचे नाहीत. माफ कर असं म्हणत नाही, तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही.

हे सगळं आत्ता त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्यापासून इथपर्यंत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

गिळायला त्रास होतोय, डॉक्टर नळी टाकायचं म्हणतायत, तेव्हा फार दिवस लावू नकोस. मिथुनला घेऊन ये, सासूबाईंना घेऊन ये. दार मीच उघडीन, दुसरं कोणी नाही घरात. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. सरळ आत जा.

जयमाला